त्याच्या चाळीस पुंगळ्या

डायमध्ये पुंगळी अडकली, कारण तेल लावायचं काम माझं नव्हतं.

नुसतं एवढं वाचून कुणाला काही कळायचं नाही, म्हणून आधी ते सांगतो. रायफल झाडली की पितळेची रिकामी पुंगळी उरते. ती फेकून न देता साफ करायची, दाबून पुन्हा मापात आणायची, तळाला नवी टोपी बसवायची, दारू भरायची, वर गोळी बसवायची, की नवं काडतूस तयार. दाबून मापात आणायला जो पोलादी साचा लागतो, ती डाय. गॅरेजमधल्या टेबलाला प्रेस पक्का बसवलेला असतो आणि प्रेसच्या डोक्यात डाय. खाली पुंगळी ठेवायची आणि दांडा ओढायचा. पुंगळी डायमध्ये शिरते आणि मापाची होऊन बाहेर येते. अट एकच, आत जाण्याआधी तिला तेलाचं बोट लागलेलं पाहिजे. कोरडी गेली तर पितळ पोलादाला असं धरून बसतं की मग ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही.

सहा वर्षं इथे अमेरिकेत, माझ्या अ‍ॅशबर्नच्या गॅरेजमध्ये, तेल त्यानं, म्हणजे माझ्या मित्रानं, लावलं आणि दांडा मी ओढला. असं काही आम्ही ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी तो स्टुलावर बसला आणि मी उभा राहिलो, तसंच पुढे चालू राहिलं. तो बोटानं तेल लावून पुंगळी माझ्याकडे सरकवायचा, मी न बघता उचलायचो.

तो इथून जाऊन चार महिने झाले आणि एका शनिवारी सकाळी मी एकटाच गॅरेजमध्ये गेलो. पुंगळी उचलली, नेहमीसारखा दांडा ओढला. तो अर्ध्यावर अडकला. मुळात मी तापट. थांबून विचार करायचा सोडून मी दोन्ही हातांनी हिसका दिला. पुंगळीची खालची कड फाटून आली आणि बाकीची आतच राहिली. मग ड्रिल आणलं, स्क्रू आणला, दोन तास झटापट केली. पुंगळी निघाली, पण डायच्या आत असा चरा पडला होता की त्यातून काढलेल्या प्रत्येक पुंगळीवर तो उमटला असता. डाय गेली.

आवाज ऐकून बायको दारात आली. "तेल नव्हतं लावलं?" तिनं विचारलं.

"ते तो लावायचा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकवला नाही.

आता नवी डाय घ्यायची, एवढंच काम होतं. दुकानाच्या वेबसाइटवर जायचं, आपल्या रायफलीचं माप टाकायचं, बटण दाबायचं. शहाण्या माणसाला दहा मिनिटं लागली असती. मी सहा आठवडे घातले, आणि का घातले ते लिहायला आज बसलो आहे.

तो नागपूरचा आणि मी पुण्याचा. आमच्यात हे एवढं भांडण कायम चालू असायचं. ऑफिसात तो माझ्या टीममध्ये होता. डेटा सेंटरमधलं कुठलं यंत्र कधी बंद पडणार हे यंत्राला कळायच्या आधी त्याला कळायचं, आणि ते सांगताना मात्र तो असा अघळपघळ बोलायचा की वरच्या लोकांना वाटायचं, याला काही येत नाही. मी लीड. म्हणजे त्याचं म्हणणं नीट इंग्रजीत करून वर सांगायचं काम माझं. तिथेही त्यानं तेल लावायचं आणि मी दांडा ओढायचा असंच होतं, फक्त ते मला फार उशिरा दिसलं.

रायफलीचा नाद आधी मला होता. नागरिक झाल्यावर मी पहिली रायफल घेतली. व्हिसावर असताना ती घेता येत नाही असं मला पक्कं माहीत होतं, कारण दुकानात जो फॉर्म भरायचा असतो त्यात स्पष्ट विचारतात की तुम्ही व्हिसावर आहात का. व्हिसावर असाल तर बंदूकही नाही आणि काडतूसही नाही. हे वाक्य मी वाचलं. त्याखाली बारीक अक्षरात अपवाद लिहिले होते, ते वाचले नाहीत. मला त्यांची गरज नव्हती.

मंडळाच्या गणपतीत आम्ही या नादाबद्दल चकार शब्द काढायचो नाही. एकदा कुणाला तरी कळलं तर चार लोक आमच्याकडे असे बघायला लागले, जणू आम्ही आरतीला बंदुका घेऊन उभे आहोत. खरं तर आमच्याइतके निरुपद्रवी नेमबाज साऱ्या व्हर्जिनियात नसतील. शनिवारी पहाटे निघायचं, तासभर पश्चिमेला ड्राइव्ह करायचं, टेकडीच्या पायथ्याशी कागदाला भोकं पाडायची आणि दुपारी जेवायला घरी. त्याहून जास्त वेळ आम्ही गॅरेजमध्ये काडतुसं भरण्यात घालवायचो. माझी बायको म्हणायची, दोन घोडे भातुकली खेळतायत. आठवडाभर स्क्रीनवर जे काम करायचं त्याला हात लागत नाही, वजन नसतं. इथे एकेक वस्तू हातात घ्यायची, मोजायची, ठेवायची. मला त्यानं बरं वाटायचं. त्यालाही वाटत असणार. आम्ही एकमेकांना असलं काही विचारत नसू.

एका सकाळी तो स्वतःची रायफल घेऊन आला. माझ्याच मापाची, दुसऱ्या कंपनीची, जुनी. मला मनापासून आनंद झाला, आणि आनंदाच्या भरात मी धरून चाललो की याचं ग्रीन कार्ड झालं. न झालं तर रायफल कशी येईल? मी विचारलं नाही. आपल्या लोकांत कुणी कुणाला काय विचारत नाही? पगार विचारतात, घराचं व्याज विचारतात, दुसरं मूल कधी हेही विचारतात. पण ज्यांची रांग पंधरा-वीस वर्षांची आहे त्यांना ग्रीन कार्डचं विचारणं म्हणजे खपली काढणं. म्हणून समजूतदार माणसं ते विचारत नाहीत. मी फारच समजूतदार.

त्याच दिवसांत कधीतरी रेंजवर त्याचं पाकीट टेबलावर उघडं पडलेलं मी पाहिलं. त्यात शिकारीचं लायसन्स होतं. तो शुद्ध शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का हे वाढदिवसाच्या पार्टीत दोनदा विचारणारा.

"हे काय रे?" मी म्हणालो. "वांग्यांची शिकार करणार आहेस का?"

"लागते यार कधी कधी," तो म्हणाला, आणि हसत पाकीट खिशात घातलं.

मी हा विनोद पुढे वर्षभर पुरवून वापरला. त्याच्या बायकोसमोर, त्याच्या मुलीसमोर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये. तो दर वेळी हसला.

आमची पहिली डाय त्यानं निवडली. तेव्हाही निवड हीच होती, कारण डाय मुख्यतः दोन प्रकारच्या. गोळी झाडली की पुंगळी फुगते आणि त्या रायफलीच्या पोटाचा नेमका आकार घेते. प्रत्येक रायफलीचं पोट केसभर वेगळं. फुल लेंग्थ डाय ती सगळी फुगवट दाबून पुंगळी मूळ मापावर आणते, मग ती त्या मापाच्या कुठल्याही रायफलीत बसते. नेक डाय फक्त पुंगळीची मान आवळते आणि बाकीचं अंग जसं फुगलंय तसंच ठेवते. अशी पुंगळी तिच्या स्वतःच्या रायफलीत अगदी चपखल बसते, पितळ जास्त टिकतं, नेमही चांगला लागतो असं म्हणतात. पण दुसऱ्या रायफलीत ती जाईलच असं नाही. मी पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून नेक डायच्या बाजूनं झालो होतो. दोन नेक डाय घेऊ, ज्याच्या पुंगळ्या त्याच्यापाशी, असं मी त्याला अर्धा तास समजावलं.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "काय यार, एका गॅरेजात दोन चुली मांडतोस," तो म्हणाला. "फुल लेंग्थ घे. तुझं-माझं काय ठेवायचं त्यात."

मग फुल लेंग्थ घेतली. सहा वर्षं आमच्या पुंगळ्या एकाच डब्यात राहिल्या. कुठली कुणाच्या रायफलीतून आली हे कुणी पाहिलं नाही.

गेल्या वर्षी वसंतात ऑफिसात कपात आली. वरच्या बाईनं आम्हा सगळ्या लीडना एकेकटं बोलावलं. माझ्या टीममध्ये पाच माणसं, त्यांतलं एक नाव द्यायचं. सोमवारपर्यंत. कुणाशी बोलायचं नाही. मी म्हणालो, देणार नाही. ती म्हणाली, मग मी निवडीन, आणि मला तुमची माणसं माहीत नाहीत. हे मला पटलं. पटण्यासारखंच होतं, हीच त्यातली मेख.

त्या शनिवार-रविवारी मी पाच जणांचा विचार करत बसलो. एक मुलगा व्हिसावर, बायकोला सातवा महिना. एक मुलगी व्हिसावर, नुकतीच आलेली. तिसरा व्हिसावर, बाप आजारी. चौथी इथलीच, पण एकटी आणि दोन मुलं. पाचवा तो. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी नाही मिळाली तर देश सोडायचा. ही सुरी कुणाच्या मानेवर ठेवायची? त्याच्या मानेवर ती नाहीच, असं मी मानत होतो. त्याचं ग्रीन कार्ड झालंय, तो हुशार आहे, सहा महिने घेईल, मनासारखी नोकरी बघेल, वर मला शिव्या देईल. शिव्या मी खाईन. मैत्री आहे म्हणूनच हे करता येतंय असंही मला वाटलं. इतकंच काय, मी न्यायानं वागतोय या विचारानं रविवारी मला चांगली झोप लागली.

सोमवारी मी त्याचं नाव दिलं.

शुक्रवारी दुपारी त्याला व्हिडिओ कॉलवर बोलावून पाच मिनिटांत सांगण्यात आलं. मी फोन केला, त्यानं उचलला नाही. शनिवारी सकाळी मात्र तो नेहमीच्या वेळी आला. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आदल्या आठवड्यात त्याच्या रायफलीतून झाडलेल्या चाळीस पुंगळ्या होत्या. डबा टेबलावर ठेवून तो स्टुलावर बसला.

"वाईट झालं," मी म्हणालो. एवढं वाक्य मी रात्रभर तयार केलं होतं. "पण तू घाई करू नकोस. नीट बघ, निवांत बघ."

"निवांत काय बघतोस बे," तो म्हणाला. "साठ दिवस आहेत."

"कसले साठ दिवस?"

"व्हिसाचे. अजून कसले राहतात?"

मी जे बोललो ते आजही कानात आहे. मी म्हणालो, "पण तुझ्याकडे रायफल आहे."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यानं खिशातून पाकीट काढलं, ते लायसन्स काढलं आणि माझ्यापुढे धरलं. व्हिसावरच्या माणसाला बंदूक ठेवता येत नाही, फक्त त्याच्याकडे शिकारीचं चालू लायसन्स असलं तरच येते. तेच ते बारीक अक्षरातलं. त्यासाठी या माणसानं शिकारीच्या वर्गात बसून परीक्षा दिली होती, हरिण मारल्यावर त्याचं पोट कसं फाडायचं याचे व्हिडिओ अर्धे डोळे मिटून पाहिले होते आणि दर वर्षी न चुकता लायसन्स रिन्यू केलं होतं. कारण शनिवारी सकाळी माझ्यासोबत यायचं होतं.

"तुला माहीत होतं ना हे?" त्यानं विचारलं. "वांगी वांगी करत होतास ते?"

"हो," मी म्हणालो. त्याच्याशी मी बोललेलं पहिलं खोटं ते.

आता मागे वळून बघतो तर सगळं समोर होतं. इतक्या वर्षांत त्यानं घर घेतलं नव्हतं, हर्नडनला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होता. व्हिसा वाढला की त्याला ड्रायव्हिंग लायसन्स नवं काढावं लागायचं, त्यासाठी तो सुट्टी टाकायचा, आणि मी म्हणायचो, किती फोटो काढून घेशील, सिनेमात जायचंय का? वडील गेले तेव्हा तो नागपूरला गेला नव्हता. व्हिसाचा शिक्का मिळायला महिने लागतील, परत येता येणार नाही, म्हणून नव्हता गेला. मी समजलो होतो, त्याचं घरी पटत नसेल. इतका शिकलेला माणूस मी, आणि इतका गाढव.

सोमवारी मी वरच्या बाईकडे गेलो. नाव मागे घेतो म्हणालो, माझं घाला म्हणालो. तिनं माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं की यादी गेली, आता काही होत नाही. "तुम्हीच तर दिलं होतं नाव," ती म्हणाली. ती रागानं म्हणाली नव्हती. मी ओळखीच्या प्रत्येक माणसाला फोन केले, पार पश्चिम किनाऱ्यावर रेडमंडपर्यंत केले. सगळीकडे कपात. ज्यांना माणूस हवा होता त्यांना व्हिसाची भानगड नको होती. एकानं दोन मुलाखती घेतल्या, तिसरी ठेवली आणि कॅन्सल केली.

त्याला सांगायचं मी रोज ठरवत होतो. आधी त्याची नोकरी लागू दे, मग सांगू. मग, निदान मुलाखत होऊ दे. मग, आता कुठे त्याच्या डोक्याला आणखी ताप. कारणं भरपूर होती आणि प्रत्येक कारण दिसायला चांगलं होतं.

पन्नासाव्या दिवशी त्यानं रायफल दुकानात विकली. मी ठेवून घेतो म्हणालो, कागदपत्रं करू, परत आलास की तुझी तुला. तो म्हणाला, "नको यार. तू ठेवशील अन् मी तिकडे बसून वाट पाहीन."

त्याची मुलगी इथेच जन्मली, अकरावीत होती. घरी मराठी कळायची, पण उत्तर इंग्रजीत. निघायच्या आदल्या दिवशी मी सामान बांधायला गेलो तेव्हा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "काका, आय जस्ट वाँटेड टू फिनिश स्कूल हिअर," ती म्हणाली. "कुड समवन हॅव डन समथिंग?"

मी म्हणालो, "नाही ग बाळा. कुणाच्या हातात नव्हतं." मुलीलाही खोटंच सांगितलं. वहिनी आत भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मला बघून म्हणाल्या, तुम्ही होतात म्हणून हे साठ दिवस निघाले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ उभा राहिलो.

विमानतळावर मी त्यांना सोडलं. बॅगा उतरवल्या, ट्रॉली आणली. तेव्हाही सांगितलं नाही. ते आत गेले.

तर असे सहा आठवडे मी त्या वेबसाइटवर डोकं धरून बसलो होतो. दोन्ही डाय बास्केटमध्ये टाकायचो आणि काढायचो. इंटरनेटवरच्या नेमबाजांच्या मंचांवर लोक आपसात कचाकचा भांडत होते, आणि त्या सगळ्या भांडणांत एक गोष्ट सगळ्यांना मान्य होती. रायफल एकच असेल तर नेक डायला हरकत नाही, दोन असतील तर फुल लेंग्थच. म्हणजे प्रश्न सोपा होता. तुमच्याकडे रायफली किती? नेक डाय घेणं म्हणजे आता एकच आहे हे कबूल करणं. ते माझ्या हातून होत नव्हतं.

आणि त्या चाळीस पुंगळ्या होत्या. डबा त्या शनिवारपासून टेबलावर तसाच होता. त्या अजून त्याच्या रायफलीच्या आकाराच्या होत्या. मी एक घालून पाहिली माझ्या रायफलीत. काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा बोल्ट अर्धा फिरला आणि थांबला, पुढे जाईना. नेक डाय घेतली तर त्या कधीच माझ्या कामाच्या नव्हत्या. फुल लेंग्थ घेतली तर त्या माझ्या रायफलीत बसतील, पण मग त्या रायफलीची उरलेली शेवटची खूण मी माझ्या हातानं दाबून टाकणार. दोन्हीकडून मीच. मला या पितळेच्या तुकड्यांचा राग यायला लागला. माणसाचं काही करता आलं नाही आणि पुंगळ्यांसाठी जीव टाकतोय, असं स्वतःला म्हणायचो आणि पुन्हा डबा उघडून बघायचो.

शेवटी एका शनिवारी सकाळी मी त्याला फोन केला. तिकडे संध्याकाळ होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. नोकरी लागली होती, आधीच्यापेक्षा दोन पायऱ्या खालची. मुलगी नव्या कॉलेजात कुणाशी बोलत नव्हती. हे त्यानं दोन वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, "तू काय करून राहिला?"

मी डाय मोडल्याचं सांगितलं.

"तेल नाही लावलंस," तो लगेच म्हणाला आणि हसला. खूप दिवसांनी त्याचं हसू ऐकलं. "मग आता कोणती घेतोस?"

"तूच सांग."

"फुल लेंग्थ. माझ्या चाळीस आहेत ना तिथे? त्या काढ त्यातून. तुझ्या रायफलीत आरामात बसतील. चांगलं पितळ आहे, फेकू नको."

मी म्हणालो, बरं. मग वाटलं, आता. आता नाही बोललो तर कधीच नाही. मी म्हणालो, "ऐक ना, ती ऑफिसची यादी—"

"सोड ना यार," तो म्हणाला. "बायको रोज तेच काढते. कुणी दिलं असेल नाव, कुणी दिलं असेल. मी तिला म्हटलं, एक गोष्ट पक्की आहे. याला विचारलं असतं तर माझं नाव गेलंच नसतं. तुला विचारलंच नाही ना त्यांनी?"

कुकरची आणखी एक शिट्टी झाली. तो वाट बघत होता. त्याच्या त्या वाक्यावर तो तिकडे उभा होता हे मला कळलं. बायकोला, मुलीला, स्वतःला तो तेच सांगत असणार, की तिथे एक माणूस तरी आपला होता. ते काढून घेतलं तर त्याच्याकडे काय राहणार? असा विचार मी केला. किंवा नुसता घाबरलो आणि विचार नंतर जोडला. मला खरंच माहीत नाही.

"नाही," मी म्हणालो. "मला नाही विचारलं."

"तेच तर," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी फुल लेंग्थ डाय मागवली. चार दिवसांत आली. शनिवारी सकाळी प्रेसवर बसवली आणि त्याच्या स्टुलावर बसून एकेक पुंगळीला बोटानं तेल लावलं. चाळीस. माझ्या बोटाला ती सवय नव्हती, कुठे जास्त लागलं, कुठे कमी. मग उठून पलीकडे उभा राहिलो आणि दांडा ओढला. एकही अडकली नाही. सगळ्या पुसल्या आणि एक रायफलीत घातली. बोल्ट फिरवला तर तो सरळ बंद झाला. जिथे आधी थांबला होता तिथे काही लागलंसुद्धा नाही. उरलेल्या एकोणचाळीसही घालून पाहिल्या. त्याही तशाच गेल्या. मग श्रीखंडाचा डबा बाकीच्या पुंगळ्यांच्या मोठ्या डब्यात उलटा केला. लगेच पुन्हा हात घालून मी त्याच्या शोधायला लागलो. ओळखू येईनात.

दुपारी फोनवर त्याचा मेसेज आला. "बसल्या का?"

"बसल्या," मी लिहिलं. त्याची नोकरी गेली त्या दिवसापासून त्याच्याशी मी पूर्ण खरं काही बोललो असेन, तर तो हा एक शब्द.